उस्मानिया विद्यापीठ : नीतिशिक्षण आणि चरितार्थ

विद्यापीठाने चारित्र्य घडवावे की चरितार्थाची सोय करावी, हा प्रश्न प्राध्यापकवर्गात वारंवार चर्चिला जातो. हैदराबाद संस्थानात तो शंभर वर्षांपूर्वी उपस्थित झाला होता. उस्मानिया विद्यापीठाने दिलेले उत्तर व त्याची पुढे झालेली कसोटी, या दोन्ही गोष्टी शिक्षकांनी अभ्यासण्यासारख्या आहेत.

१९१७ साली अकबर हैदरी यांनी निजाम मीर उस्मान अली खान यांना विद्यापीठाविषयी टिपण सादर केले. परभाषेच्या ओझ्याखाली विद्यार्थ्याची विचारशक्ती दबते, हा त्यातील प्रमुख आक्षेप होता. त्याच वर्षी मंजुरी देताना निजामांनी ज्ञानप्रसारासोबत नैतिक शिक्षण हाही विद्यापीठाचा हेतू ठरवला. १९१८ मध्ये स्थापना झाली व १९१९ मध्ये वर्ग सुरू झाले. माध्यम उर्दू होते, इंग्रजी हा सक्तीचा विषय होता. मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी दीनियात, तर इतरांसाठी अखलाकियात म्हणजे नीतिशास्त्र, अशी योजना होती.

चरितार्थाकडेही दुर्लक्ष झाले नाही. दारुल तर्जुमा या भाषांतर संस्थेत कायदा, वैद्यक, अभियांत्रिकी व विज्ञान यांवरील ग्रंथ उर्दूत आणले गेले. परिभाषा ठरवताना विषयतज्ज्ञ व भाषातज्ज्ञ एकत्र बसत. संस्थेचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक पुढे औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजचे प्राचार्य झाले. विद्यार्थ्याला समजेल अशा भाषेत व्यवसायाचे ज्ञान देणे, हे स्वतःच एक नैतिक कार्य होते. मात्र संस्थानातील बहुसंख्य प्रजेची मातृभाषा तेलुगू, मराठी किंवा कन्नड होती. परभणी-नांदेडच्या मराठी मुलाला उर्दूही शिकूनच घ्यावी लागे. हैदरींचा मूळ आक्षेप त्याच्यापुरता कायमच राहिला.

खरी कसोटी १९३८ मध्ये लागली. वसतिगृहांतील काही हिंदू विद्यार्थी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले. त्यावर बंदी आली, विद्यार्थ्यांनी संप केला व अनेकांना काढून टाकण्यात आले. औरंगाबादचे विद्यार्थीही या चळवळीत होते. या गीताबाबत मुस्लिम समाजात श्रद्धेतून आलेले आक्षेप होते, हे विसरता येत नाही. परंतु दोन श्रद्धांमधील प्रश्न संवादाने सोडवणे, हाच अखलाकचा धडा होता. तो वर्गात शिकवला जात होता. कारभारात दिसला नाही. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला आणि त्यांचे शिक्षण वाचले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांपैकीच एक.

यावरून अखलाकियातचा तास व्यर्थ होता, असे म्हणता येणार नाही. पण नीती व चरितार्थ यांत निवड करण्याचा प्रश्न मुळात चुकीच्या जागी मांडला जातो, असे दिसते. अभ्यासक्रमात दोन्ही बसतात. उस्मानियाने ते करून दाखवले. आपल्याशी मतभेद असलेल्या विद्यार्थ्याशी संस्था कशी वागते, यावरून मात्र विद्यार्थी नीती शिकतो. तो पेपर विद्यार्थ्याचा नसतो, आपला असतो.