कळ आणि अक्षयनीवी

यंत्राविषयी आपल्याकडे दोन तऱ्हेची भाषणे ऐकावयास मिळतात. एक वक्ता सांगतो की, धंद्याला आपोआप चालणारी कळ बसवा, म्हणजे जगात युद्ध पेटो, साथ येवो, बाजार बसो, तुमचा संसार सुखरूप राहील. दुसरा सांगतो की, कळ आली म्हणजे कष्टकऱ्याची भाकरी गेलीच. कामगारांच्या सभांतून मी ही दोन्ही भाषणे पुष्कळ वेळा ऐकली आहेत. त्या दोहोंतही दोन प्रश्न राहून जातात. कळ कोणाच्या मालकीची? आणि ती ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी भाकरी कोठून येणार? ह्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास दूर जावे लागत नाही. जुन्नर आणि आंबेगाव ह्या दोन तालुक्यांच्या इतिहासात ती दोन हजार वर्षांपासून पडून आहेत.

जुन्नरहून कल्याणच्या बंदराकडे उतरणारी जुनी वाट नाणेघाटातून जाते. ह्या वाटेने सातवाहनांच्या काळी देशावरचा माल समुद्रापर्यंत जात असे आणि रोमन जगापर्यंत पोचत असे. परंतु तो काळही शांततेचा नव्हता. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' ह्या समुद्रप्रवासाच्या ग्रंथात नमूद आहे की, कल्याण बंदराची वाट रोखली गेली असून तेथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात. सातवाहन आणि क्षत्रप ह्यांच्या झगड्यात हा प्रदेश सापडला होता. नहपान क्षत्रपाच्या अमात्याचा लेख जुन्नरच्या लेण्यात आहे. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. म्हणजे राजा तर बदललाच, पण खिशातल्या नाण्याचा चेहराही बदलला.

अशा धामधुमीत ज्याला आपले पैसे टिकावेत असे वाटे तो ते कोणापाशी ठेवीत असे? जुन्नरभोवती दोनशेहून अधिक लेणी आहेत, आणि त्यांतील शिलालेख ह्याचे उत्तर देतात. तो ते कारागिरांच्या श्रेणीपाशी ठेवीत असे. बांबूचे काम करणाऱ्यांची श्रेणी, काशाचे काम करणाऱ्यांची श्रेणी, अशी नावे तेथे कोरलेली आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने तर सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान केली. ह्या ठेवींचा हिशेब कसा असे, हे नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात स्पष्ट दिसते. नहपानाच्या ह्या जावयाने विणकरांच्या एका श्रेणीपाशी २००० कार्षापण शेकडा एक दरमहा व्याजाने ठेवले. वर्षाचे व्याज झाले २४०. त्यातून लेण्यातील वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावेत, अशी योजना होती. मुद्दल परत द्यावयाचे नाही, व्याज तेवढे वापरावयाचे. ह्या ठेवीला नाव होते अक्षयनीवी, म्हणजे कधी न सरणारे भांडवल.

राजाचा जावई विणकरांपाशी पैसा ठेवतो, ह्याचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. त्या विणकराचा माग त्याचा स्वतःचा होता, धंद्याचे नियम त्याची श्रेणी ठरवीत होती, आणि श्रेणीपाशी साठवणही होती. कळ आणि नीवी, दोन्ही एका हाती होत्या.

आता आपल्या गावच्या दुसऱ्या एका कारागिराकडे वळू. जुन्नरचा कागद एके काळी महाराष्ट्रात नामांकित होता. पेशवाईच्या दप्तरांना लागणाऱ्या कागदांत दौलताबादी कागदाबरोबर जुन्नरी कागदाचेही नाव घेतले जाते. हे काम कागदी मुसलमान कारागिरांचे. जुनी पोती, दोरखंड, चिंध्या ह्यांचे तुकडे करावयाचे, ते चुन्याच्या पाण्यात कुजवावयाचे, पायाने चालणाऱ्या ढेंकीखाली कांडावयाचे, धुवावयाचे, आणि तो लगदा पाण्याच्या हौदात कालवून त्यात साचा बुडवून एकेक ताव उचलावयाचा. मग तो ताव भिंतीवर वाळवून, खळ लावून, गुळगुळीत दगडाने घोटावयाचा. असा घोटीव कागद शेदोनशे वर्षे टिकतो. पेशवे दप्तरातील रुमाल सोडून पाहणाऱ्यांनी हे अनुभवले आहे.

ज्या यंत्राने ह्या कारागिराचा हौद कोरडा पाडला त्याची जन्मकथा मोठी बोधप्रद आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या गदारोळात, पॅरिसजवळच्या एका कागद गिरणीत ल्वी निकोलाय रोबेर नावाचा एक नोकर होता. हाताने कागद उचलणाऱ्या कारागिरांच्या रोजच्या तंट्यांना कंटाळून त्याने अखंड पट्टा काढणारे यंत्र शोधले, असे सांगतात. १७९९ साली त्याला पेटंट मिळाले. पुढे इंग्लंडात फोरड्रिनिअर बंधूंनी ह्या यंत्राच्या सुधारणेसाठी आपली सारी मिळकत ओतली, आणि १८१० साली त्यांचे दिवाळे वाजले. यंत्राला मात्र त्यांचेच नाव राहिले. कर्जावर उभारलेली कळ तिच्या धन्यालाही कशी बुडवते, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

जुन्नरच्या कागद्याला मात्र ह्या यंत्राचा हिस्सा कधीच मिळाला नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा त्याचे मोठे गिऱ्हाईक गेले. त्यानंतर विलायती कागद आला, आणि मागोमाग येथील गिरण्या आल्या. कलकत्त्याजवळ टिटागडची गिरणी १८८२ साली निघाली. हाताने एकेक ताव काढणारा माणूस मैलभर लांब पट्टा काढणाऱ्या यंत्राशी किमतीत झुंजणार कसा? त्याचे कसब कमी पडले नाही. कमी पडली ती भांडवलाची एकजूट. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि १९४० साली पुण्यात हातकागद संस्था निघाली, त्यामुळे विद्या पूर्ण बुडाली नाही. पण विद्या वाचणे वेगळे आणि बाजार वाचणे वेगळे. कळ परक्याची आणि नीवी कोणाचीच नाही, असा हा दुसरा प्रकार.

तिसरा प्रकार आपल्यापैकी अनेकांच्या घरात घडला आहे. घाटमाथ्याच्या ह्या गावांतून माणसे मुंबईस गेली, काही गिरण्यांत लागली. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. त्यामुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैसा खेळला. त्यानंतर एकामागून एक गिरण्यांची धुराडी उभी राहिली. गिरणी कामगारापाशी कळ नव्हती, पण संघटना होती. १९२८ साली मालकांनी दोन मागांवरच्या विणकराला तीन माग सांभाळावयास सांगितले, तेव्हा सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यांतील असंख्यांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. युनियनचा माणूस म्हणून मी हे जड मनाने सांगतो की, संघटनेने मजुरी वाढवता येते, तास कमी करता येतात, माणसाला ताठ मानेने उभे राहता येते. पण कळ ज्याच्या मालकीची तो ती बंद करून जमीन विकू शकतो, आणि तेथे नुसती घोषणा थिटी पडते.

मग कळ आपली करून दाखवली असे कोणी आहे काय? आहे, आणि ते आपलेच लोक आहेत. मुंबईचे डबेवाले जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी ह्याच पट्ट्यातले. महादू हावजी बच्चे ह्यांनी सुमारे शंभर माणसांनिशी १८९० साली ह्या धंद्याला शिस्त लावली, असे परंपरेने सांगितले जाते. १९५६ साली त्यांच्या विश्वस्त संस्थेची नोंदणी झाली. २०२० पूर्वी सुमारे पाच हजार माणसे रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवीत होती.

ह्यात यंत्र कोठे आहे, असे कोणी विचारील. यंत्र डब्याच्या झाकणावर आहे. आरंभी रंगीत दोरे आणि चिंध्या, पुढे रंगाने काढलेली अक्षरे आणि आकडे. डबा कोणत्या ठाण्यावरून निघाला, कोणत्या ठाण्यावर उतरावयाचा, कोणती इमारत, कितवा मजला, एवढे त्या खुणांत मावते. सकाळी घरून उचललेला डबा दुपारच्या जेवणापर्यंत तीनचार हातांतून जातो. त्यांतील कोणालाही संपूर्ण वाट ठाऊक असण्याची गरज नसते. प्रत्येकजण आपल्यापुरती खूण वाचतो आणि पुढे सरकवतो. वरून हुकूम नाही, कारकून नाही, वही नाही. जी व्यवस्था दर पावलाला कोणास विचारल्यावाचून चालते तीच खरी कळ; मग ती लोखंडाची असो वा रंगाच्या चार रेघांची असो.

आणि ही कळ कोणा शेटजीची नाही. वीसपंचवीस माणसांचा गट, त्यावर त्यांच्यातलाच मुकादम. नवा माणूस काही काळ काम शिकतो, मग आपले भांडवल घालून भागीदार होतो. महिन्याची जमा एकत्र होते, खर्च वजा जातो, उरलेले समान वाटले जाते. डोक्यावर टोपी नसेल तर दंड, न सांगता गैरहजर राहिल्यास दंड. पण तो दंड आपणच आपल्याला लावलेला असतो. चैत्राच्या सुमारास गावच्या जत्रांसाठी सगळे मिळून रजा घेतात आणि अख्खी मुंबई ती रजा मुकाट्याने मान्य करते. इंग्लंडचे युवराज चार्ल्स २००३ साली त्यांना चर्चगेटला भेटले, त्याचे कौतुक वर्तमानपत्रांनी पुष्कळ केले. मला जत्रेच्या रजेचे कौतुक अधिक वाटते. स्वतंत्र धंदा म्हणजे काय, हे त्या रजेवरून कळते.

परंतु येथेच थांबलो तर तो इतिहास न होता स्तुतिपाठ होईल. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे लोकल गाड्या बंद झाल्या, कचेऱ्यांना कुलपे लागली, आणि एकशेतीस वर्षांची ही व्यवस्था एका रात्रीत थांबली. डब्यांवरच्या खुणा होत्या तशाच होत्या. त्या वाचून चढावयाची गाडीच नव्हती. अनेक डबेवाले गावी परतले, शेतीला लागले, मिळेल ती मजुरी करू लागले. त्यांना समाजाकडे मदत मागावी लागली. त्यांच्यापैकी कितीतरी पुन्हा धंद्यावर आलेच नाहीत. आलेले सगळे वाटून घेण्याच्या रीतीत समता मोठी होती, पण दीर्घ संकटाला पुरेल एवढी साठवण तीत नव्हती. कळ आपली होती, अक्षयनीवी नव्हती.

चारही उदाहरणे शेजारी मांडून पाहा. श्रेणीपाशी दोन्ही होते. कागद्यापाशी दोन्ही नव्हते. गिरणी कामगारापाशी संघटना होती, कळ नव्हती. डबेवाल्यापाशी कळ होती, नीवी नव्हती. आर्थिक स्वातंत्र्य हे दोन चाकांचे वाहन आहे. एका चाकावर ते सपाटीला चालते, घाटात उलटते.

आज शहरात मोबाइलवरील हुकमाने जेवण पोचवणारी तरुण मुले दिसतात. दुचाकी त्यांची, पेट्रोल त्यांचे, पाऊस त्यांच्या अंगावर. पण काम कोणाला आणि कोणत्या दराने, हे ठरवणारा नियम त्यांना वाचता येत नाही. डब्यावरची खूण वाहणाऱ्याला वाचता येत होती, हा दोहोंतला फरक लहान नाही. आपल्या शेतातही तेच आहे. पंप आता मोबाइलवर सुरू होतो, ठिबकचा पडदा आपोआप उघडतो. तरी जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचा भाव आकाशाला भिडला आणि दोन महिन्यांत मातीला मिळाला, तेव्हा नारायणगावच्या बाजारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला त्या पडद्याने वाचवले नाही.

म्हणून यंत्र घेऊ नका, असे मी म्हणणार नाही. जरूर घ्या. पण घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. हिचा नियम मला वाचता येतो काय आणि बदलता येतो काय? हिच्यावरचे कर्ज धंदा मंदावला तरी फिटेल काय? आणि चांगल्या वर्षातील मिळकतीचा काही भाग मुद्दलाला हात न लावण्याच्या अटीवर आम्ही दहा जण एकत्र ठेवणार आहोत काय? तिसऱ्या प्रश्नाला 'होय' म्हणणे सर्वांत अवघड, कारण तेथे शेजाऱ्यावर विश्वास टाकावा लागतो. आपल्या डोंगरातील शिलालेख साक्ष देतात की, बांबू विणणाऱ्यांनी आणि काशाचे काम करणाऱ्यांनी तो विश्वास एकदा कमावला होता.