राउटरच्या सेटिंगमधील इतिहासाचे थर

१/८
घरातल्या राउटरच्या वायरलेस सेटिंगमध्ये ‘सिक्युरिटी’ या शब्दापुढे एक यादी उघडते : ओपन, डब्ल्यूईपी, डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीए३. प्रत्येक नाव आधीच्या नावातील चुकीची कबुली आहे. त्या चुकांचा हा इतिहास. #थ्रेड

२/८
१९८५ साली अमेरिकेने २.४ गिगाहर्ट्झसह काही रेडिओपट्टे विनापरवाना वापरास खुले केले. १९९७ मध्ये ‘८०२.११’ हे मानक आले. मात्र रेडिओलहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. म्हणून त्याच मानकात डब्ल्यूईपी ही संकेतनपद्धती होती. तारेच्या जोडणीइतकी गोपनीयता, हे तिचे वचन.

३/८
ते वचन सुरुवातीपासूनच दुबळे होते. संकेतनतंत्राच्या निर्यातीवर अमेरिकेचे निर्बंध असल्यामुळे किल्ली अवघी ४० बिटांची ठेवली गेली. दर संदेशखंडाला जोडला जाणारा अंक २४ बिटांचा, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख शक्यता. वर्दळीच्या नेटवर्कवर त्या काही तासांत संपत आणि जुनेच अंक पुन्हा येत.

४/८
डब्ल्यूईपीचा पाया होता रॉन रिव्हेस्ट यांनी १९८७ साली रचलेला आरसी४ हा संकेत. २००१ मध्ये त्यातील किल्ली घडवण्याच्या रीतीतला दोष फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी दाखवला. हे शमीर म्हणजे ‘आरएसए’ संकेतप्रणालीतील रिव्हेस्ट यांचेच सहकारी. २००७ पर्यंत जर्मनीतील डार्मश्टाटच्या संशोधकांनी डब्ल्यूईपीची किल्ली एका मिनिटाच्या आत शोधून दाखवली.

५/८
२००३ चे डब्ल्यूपीए ही जुन्याच यंत्रांवर चालणारी तात्पुरती डागडुजी होती. खरी दुरुस्ती २००४ च्या डब्ल्यूपीए२ मध्ये झाली, एईएस या नव्या संकेतासह. तरीही ‘ओपन’ आणि डब्ल्यूईपी यादीतून गेले नाहीत, कारण जुनी उपकरणे चालू राहायला हवी होती. निवडीचा भार घरमालकावर पडला.

६/८
भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग नवी मुंबईतील एका घरापर्यंत पोहोचला. तिथले वाय-फाय खुले होते आणि ईमेल दुसऱ्याच कोणीतरी त्यावरून पाठवला होता. चौकशीला मात्र त्या घराला सामोरे जावे लागले. पुढे २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या.

७/८
सोय वाढवतानाही चूक झाली. २००७ च्या डब्ल्यूपीएस सुविधेत ८ अंकी पिन होता. शेवटचा अंक केवळ पडताळणीचा, आणि राउटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासत असे. त्यामुळे १ कोटीऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरत, हे २०११ मध्ये उघड झाले. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ च्या जोडणीतही दोष सापडला. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आले.

८/८
मानके समित्या ठरवतात, तडजोडी बाजार करतो. दारावर थाप पडते ती मात्र राहत्या घराच्या. म्हणून त्या यादीत डब्ल्यूपीए३ निवडावे, जुनी उपकरणे असतील तर एईएससह डब्ल्यूपीए२. डब्ल्यूपीएस बंद ठेवावे आणि राउटरसोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.