बीड जिल्ह्यातील वाटसरूंचा पाहुणचार आणि प्रवासमार्गदर्शिकांची परंपरा

प्रवाशाने कोठे उतरावे, काय खावे आणि नगरात काय पाहावे हे सांगणारा ग्रंथप्रकार युरोपात एकोणिसाव्या शतकात स्थिरावला. लंडनच्या जॉन मरे या प्रकाशनसंस्थेने १८३६ पासून अशा हस्तपुस्तिकांची माला काढली. त्या मालेत एडवर्ड ईस्टविक याची मद्रास व मुंबई इलाख्यांवरील पुस्तिका १८५९ मध्ये प्रसिद्ध झाली. मराठीत गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये व ना. वि. जोशी यांचे ‘पुणे शहराचे वर्णन’ १८६८ मध्ये आले. या सर्व ग्रंथव्यवहारात निजामाच्या राज्यातील बीड जवळजवळ दिसत नाही. हा भाग पाहण्याजोगा नव्हता, असा निष्कर्ष त्यावरून काढणे मात्र चुकीचे ठरेल.

मरेच्या पुढील आवृत्त्यांची मांडणी प्रवासमार्गांनुसार होती आणि हे मार्ग मुख्यतः रेल्वेचे होते. उपाहारगृह वा डाकबंगला असल्यास स्थानकाच्या नावापुढे तशी संक्षिप्त खूण दिली जाई. १९०० च्या सुमारास पूर्ण झालेला मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असा गोदावरीच्या उत्तरेकडून गेला आणि बीड बाजूला राहिले. साहजिकच वेरूळ व दौलताबाद रसिक प्रवाशाच्या नकाशावर आले. कंकालेश्वराचे जलवेष्टित मंदिर आणि निजामशाही काळातील खजाना बावडी आली नाही. वस्तुतः जिल्ह्यातच मोमिनाबाद, म्हणजे अंबाजोगाई, येथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. पण छावणीत येणारा अधिकारी नेमणुकीवर येई. त्याला मार्गदर्शिकेची गरज नसे. १९०९ चे हैदराबाद संस्थानाचे गॅझेटियरही कारभारासाठीच लिहिलेले होते. बीडची चामड्याची छागल नावाजलेली होती. पाणी सोबत वाहून नेण्याचे साधन जेथे कसबाचा विषय होते, तेथील प्रवास कसा असेल याची कल्पना यावी.

छापील पुस्तिका नव्हती, तरी मार्गदर्शन नव्हते असे नाही. महानुभाव पंथाची ‘स्थानपोथी’ याचे ठळक उदाहरण आहे. चक्रधरस्वामी ज्या गावी गेले तेथे ते कोठे उतरले, कोठे जेवले, देऊळ गावाच्या कोणत्या दिशेस आहे व त्याचे दार कोणत्या बाजूस आहे, याची बारकाईने केलेली नोंद या ग्रंथात सापडते. वसती, बिढार, आरोगणा हे महानुभाव गद्यातील शब्द पाहिले, तर मुक्काम, उतरण्याची जागा आणि भोजन या प्रवाशाच्या तिन्ही चिंता त्यांत आल्या आहेत. (आजचे ‘बिऱ्हाड’ याच ‘बिढार’चे रूप आहे.) गेवराई तालुक्यातील गोदाकाठचे पांचाळेश्वर तर भोजनासाठीच ख्यातनाम आहे, श्रीदत्तात्रेयप्रभूंचे नित्य भोजन तेथे होते, निद्रा माहूरला, अशी पंथाची श्रद्धा आहे. उत्तम जेवण कोठे मिळेल हे मरे सांगतो. देव कोठे जेवला हे स्थानपोथी सांगते. दोहोंचा वाचक निराळा असला, तरी वाट न चुकता नेमक्या जागी पोचणे ही गरज एकच आहे.

परळी वैजनाथ येथे हेच काम क्षेत्रोपाध्यांनी केले. यजमानांची कुळे वहीत नोंदवणारा उपाध्या निवास, भोजन आणि दर्शन या तिन्हींची व्यवस्था लावीत असे. येथील मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. तथापि या आतिथ्याचे गोडवे गाताना एक गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. पंगत जातीनुसार बसे, आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या यात्रेकरूला ना ओसरी होती ना पान. मरेचा ‘जाणकार प्रवासी’ साहेब होता. उपाध्याच्या वहीतला यजमानही कोणी सर्वसामान्य वाटसरू नव्हता. पैसे मोजणाऱ्या कोणालाही ताट वाढणारी खाणावळ ही या दृष्टीने केवळ सोय नव्हती. जुन्या पंगतीला तो एक छेद होता, जरी तेथेही वेगळी कपबशी ठेवण्याची प्रथा मराठवाड्यात दीर्घकाळ टिकली.

परळीपर्यंत निजामाच्या राजवटीतच लोहमार्ग आला. बीड शहर मात्र रस्त्यावरच अवलंबून राहिले. सोलापूर–धुळे महामार्गावरील ढाब्यांची कीर्ती मालमोटारींच्या चालकांनी तोंडोतोंडी पसरवली. बालाघाटाच्या डोंगररांगांतील सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हिवाळ्यात शेतात आगटीभोवती बसून खाल्ला जाणारा ज्वारीचा हुरडा पूर्वी केवळ आमंत्रितांच्या वाट्याला येई, आता तो दर ठरवून पर्यटकांनाही मिळतो. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगर–बीड रेल्वेसेवा सुरू झाली आणि मरेच्या मार्गपद्धतीत बसण्यास आवश्यक असलेले स्थानक बीडला लाभले. तोवर त्या पद्धतीच्या मार्गदर्शिकांचा काळ केव्हाच सरला होता.