हळदीच्या चतुःसीमा

शेताचे खरेदीखत ज्यांनी वाचले आहे, त्यांना चतुःसीमा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. खतात गट नंबर असतो, क्षेत्र असते, आकारणी असते. पण बांधावरून भांडण पेटले की दोन्हीकडची माणसे एकाच परिच्छेदावर बोट ठेवतात. पूर्वेस नाला, पश्चिमेस अमक्याचे शेत, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याचा बांध. आमचा किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्या काळच्या उर्दू दस्तांत याच परिच्छेदाला 'हुदूद-ए-अरबा' म्हणत. चार हद्दी. जमीन काळीभोर आहे की मुरमाड, विहिरीला पाणी किती, हे झाले वर्णन. मालकी कुठवर, हे त्या चार ओळीच सांगतात.

पेटंटच्या कागदाचेही असेच आहे. त्यात पार्श्वभूमी असते, आकृत्या असतात, शोध कसा वापरायचा याची पानेच्या पाने असतात. आणि सर्वांत शेवटी, एक-एक आकडा घालून, काही वाक्ये असतात. त्यांना क्लेम म्हणतात. मराठीत दावा म्हणता येईल, पण आपल्याकडे दावा म्हटले की तारीख आणि वकील डोळ्यांपुढे येतात, म्हणून मी क्लेमच म्हणतो. शोध लावणाऱ्याची मालकी त्या वाक्यांत आहे तेवढीच. वर्णनात लिहिले आणि क्लेममध्ये घ्यायचे राहिले, तर ते जगाला दान केल्यासारखे. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने १९३८ साली हेच स्पष्ट केले होते: जे मागितले नाही, ते सोडून दिले असे समजायचे.

मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. यंत्रातले मला फार कळत नाही. पण शब्दांच्या या प्रकाराने मला ओढून घेतले. कवितेत एका शब्दाचे दोन अर्थ निघाले तर आम्ही खूश होतो. क्लेममध्ये दोन अर्थ निघाले तर कारखाना बंद पडू शकतो.

सुरुवातीला ही पद्धत नव्हती. शोधकर्त्याने आपल्या यंत्राचे वर्णन द्यायचे आणि त्यात नवे काय ते न्यायालयाने शोधायचे, असा कारभार होता. अमेरिकेने १८३६ च्या कायद्यात सांगितले की, तुमचे स्वतःचे काय ते तुम्हीच नेमके दाखवा. इंग्लंडने १८८३ साली तसाच नियम केला. हिंदुस्थानातला पहिला कायदा १८५६ चा. त्या वर्षी ३ मार्चला कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी अर्ज केला, तो आपल्याकडचा पहिला अर्ज मानतात. साहेबाच्या डोक्यावरचा पंखा दोरीने ओढत बसणाऱ्या गरिबाला या शोधाबद्दल काय वाटले असेल, याची नोंद अर्थातच कुठे नाही. पुढे १९११ चा कायदा आला आणि स्वातंत्र्यानंतर १९७० चा. तो आजही, दुरुस्त्यांसह, चालू आहे. त्याच्या दहाव्या कलमात म्हटले आहे की, तपशिलाच्या शेवटी क्लेम हवेत, ते स्पष्ट आणि मोजक्या शब्दांत हवेत आणि आधी केलेल्या वर्णनाचा आधार त्यांना हवा.

आता हळदीकडे येतो. नांदेड-हिंगोलीच्या पट्ट्यात हळद हे नुसते पीक नाही, लग्नापासून दुखण्यापर्यंत ती घरात असते. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. याच हळदीवर २८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेत पेटंट दिले गेले. क्रमांक ५४०१५०४. शोधकर्ते सुमन दास आणि हरिहर कोहली, दोघेही भारतीय वंशाचे. मालकी मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राची. बातमी इकडे आली तेव्हा मोठा संताप झाला. 'हळद पळवली' असे लोक म्हणू लागले. पण पळवली म्हणजे नेमके काय केले, हे क्लेम वाचल्याशिवाय कळत नाही.

त्यात क्लेम होते सहा. पहिल्याचा आशय असा: रुग्णाची जखम भरून यावी यासाठीची एक पद्धत, जिच्यात, परिणामकारक मात्रेतील हळदपूड एवढाच घटक असलेले औषध त्या रुग्णाला दिले जाते. हे एकच वाक्य. क्लेम एकाच वाक्यात लिहायचा, मग ते कितीही लांबो, अशी जगभर रीत आहे. वाक्याचे तीन भाग पडतात. आधी वस्तू काय ते येते: 'जखम भरण्याची पद्धत'. मग जोडशब्द. मग त्या पद्धतीची अंगे.

यातला जोडशब्द हा खरा कळीचा. 'ज्यात अमुक समाविष्ट आहे' असे लिहिले की दार उघडे राहते. समोरच्याने त्यात आणखी चार गोष्टी घातल्या तरी तो तुमच्या हद्दीतच. 'अमुक एवढाच घटक असलेले' असे लिहिले की दार बंद. हद्द लहान होते, पण तिचे रक्षण करणे सोपे जाते. हळदीच्या क्लेममध्ये औषधापुरते दार बंद होते: फक्त हळदपूड. आता आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा विचार करा. खरचटले तर हळद आणि तेल. मुका मार लागला तर हळद आणि चुना. पोटातून द्यायची तर दुधात. निव्वळ कोरडी पूड फार थोड्या वेळा. म्हणजे ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या हळद लावली जाते, त्यांचाही उपाय त्या शब्दांत जसाच्या तसा बसत नव्हता. संतापलेल्यांपैकी किती जणांच्या हे लक्षात आले असेल, शंका आहे. लिहिणाऱ्याने विचार करून लिहिले होते.

उरलेले पाच क्लेम पहिल्याला टेकून उभे होते. दुसऱ्यात हळद तोंडावाटे, तिसऱ्यात वरून लावायची, चौथ्यात दोन्ही, पाचव्यात जखम शस्त्रक्रियेची, सहाव्यात व्रण. प्रत्येक जण म्हणतो, 'पहिल्या क्लेमप्रमाणेच, पण...' आणि एक अट वाढवतो. पहिल्यानेच सारे व्यापले असताना ही उतरंड कशाला? कारण मोठी हद्द मागणारा पहिला क्लेम एखाद्या जुन्या कागदामुळे कोसळला, तर आतले लहान कुंपण तरी टिकावे. वाड्याला बाहेरची भिंत असते, माजघराला वेगळे दार असते, तशातला प्रकार.

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते. गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत गिरगावात हलाखीत वाढलेले, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून दिल्लीला गेलेले. परिषदेने २८ ऑक्टोबर १९९६ रोजी अमेरिकी पेटंट कार्यालयाकडे फेरतपासणीचा अर्ज केला. इथे एक अडचण होती आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म तिच्यात आहे. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यात, एखादी गोष्ट अमेरिकेत लोकांना माहीत असेल किंवा वापरात असेल तर तो पुरावा चाले. देशाबाहेरचा नुसता वापर मात्र चालत नसे, तिथे छापील मजकूरच लागे. कोट्यवधी भारतीय घरांतली हळद त्या कायद्याच्या दृष्टीने नव्हतीच. आजीची साक्ष शून्य. छापलेले पान दाखवा.

परिषदेने ३२ संदर्भ गोळा केले. त्यांतले काही शंभर वर्षांहून जुने. संस्कृतातले होते, हिंदीतले होते, उर्दूतले होते. युनानी हकिमांच्या उर्दूला अमेरिकेत हळदीची साक्षीदार म्हणून उभे राहावे लागले, हे वाचून मला मनापासून बरे वाटले. शिवाय भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९५३ साली छापलेला एक लेखही होता. विरुद्ध बाजूने शब्दांचाच आधार घेतला गेला. पूड वेगळी आणि लेप वेगळा, दोन्ही शरीरात सारखे शोषले जात नाहीत, पोटातून देताना तुम्ही मध घालता आणि मध स्वतःच जखम भरतो, असा युक्तिवाद झाला. 'पूड' आणि 'एवढाच' हे दोन शब्द इथे कामाला आले. तपासनिसाने तो मानला नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये सहाही क्लेम नाकारले गेले आणि एप्रिल १९९८ मध्ये ते रद्द झाल्याचे प्रमाणपत्र निघाले. आतली लहान कुंपणेही वाचली नाहीत, कारण लावणे, पोटात घेणे, व्रण, सगळे कुणीतरी आधीच लिहून ठेवले होते.

बासमतीत असे झाले नाही, म्हणून ते प्रकरण लोकांना नीट आठवत नाही. टेक्सासच्या राइसटेक कंपनीला १९९७ साली मिळालेल्या पेटंटात वीस क्लेम होते. पहिल्यात रोपाची उंची, दाण्यातल्या पिठूळपणाचा निर्देशांक, सुवास देणाऱ्या रसायनाचे प्रमाण, अशी मापे घालून फार मोठा प्रदेश मागितला होता. भारताने २००० साली थेट दाण्यांवरचे तीन क्लेम हल्ल्यासाठी निवडले. कंपनीने ते सोडले, पुढे आणखी गेले आणि अखेर वीसातले पाच उरले, तेही कंपनीने स्वतः तयार केलेल्या वाणांपुरते. इकडे काहींनी विजय म्हटले, काहींनी पराभव. दोघांचेही खरे होते. उतरंड केली असली म्हणजे असे होते.

दुसऱ्याचे क्लेम पाडण्याच्या गोष्टी आपल्याला आवडतात. आपले लिहिण्याची वेळ आली की आपण गडबडतो. समजा, आमच्याकडच्या एखाद्या शेतकऱ्याने हळद शिजवायचा नवा कुकर केला. तो अर्जात लिहील, 'पाण्याची एक टाकी, तिच्यातली वाफ नेणारी लोखंडी नळी आणि ती वाफ घेणारी, तळाशी जाळी असलेली दोन पिंपे.' त्याने बनवलेला कुकर तसाच आहे, म्हणून तो प्रामाणिकपणे तसेच लिहिणार. शेजारी एकाच पिंपाचा करील, नळी पितळेची घालील आणि हद्दीबाहेर उभा राहून हसेल. म्हणून 'लोखंडी' काढायचे, 'दोन' च्या जागी 'निदान एक' लिहायचे आणि लोखंड व दोन पिंपे खालच्या क्लेममध्ये ठेवायची. पण इतकेही सैल करायचे नाही की, वाफेवर शिजवायचे कुठलेही जुने भांडे त्यात बसेल. कारण मग हळदीच्या पेटंटची गत. शोध कशात आहे? समजा, वाफ सगळीकडे सारखी फिरावी म्हणून जाळीला विशिष्ट उतार दिला आहे, त्यात आहे. तर उतार पहिल्या क्लेममध्ये हवाच. आपल्या शोधाचा जीव कशात आहे हे आधी स्वतःला कळले पाहिजे. कवीलाही ते बहुधा कळत नसते, तो भाग वेगळा.

आपल्याकडे दहा क्लेमच्या वर प्रत्येक जादा क्लेमला वेगळे शुल्क पडते, हेही जाता जाता सांगतो.

एका शब्दाने काय होते हे पुण्याच्या बजाज ऑटोने अनुभवले. पल्सर मोटारसायकलमध्ये त्यांनी एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग दिले. त्याचे पेटंट २००५ साली मिळाले. क्लेममध्ये लहान व्यासाचे इंजिन होते, दोन प्लग होते आणि प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, असेही होते. टीव्हीएसने 'फ्लेम' आणली. प्लग दोनच, व्हॉल्व्ह मात्र तीन. भांडण मद्रास उच्च न्यायालयात गेले. एका न्यायमूर्तींनी फेब्रुवारी २००८ मध्ये बजाजच्या बाजूने मनाई दिली. खंडपीठाने मे २००९ मध्ये ती उठवली. शोधाचे सार दोन प्लगमध्ये आहे की क्लेमच्या प्रत्येक शब्दात, हा प्रश्न होता. सप्टेंबर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीव्हीएसला विक्री चालू ठेवू दिली आणि असे खटले लवकर निकाली काढा, असे बजावले. हा खटला लवकर संपला नाही. शेवटी २०१९ साली दोन्ही कंपन्यांनी तडजोड केली.

हळदीनंतर पुष्कळ बदलले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांतले उपाय परदेशी तपासनिसांना वाचता येतील असे नोंदवणारे पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय २००१ साली सुरू झाले. अमेरिकेनेही नवा कायदा केला, २०१३ पासून तिथे देशाबाहेरचा वापरही पुरावा ठरू शकतो. पण ग्रंथालयात ग्रंथ येतात. किनवटच्या जंगलातले कोलाम, गोंड, आंध जी पाने आणि साली वापरतात, त्यांतले बरेच कुठल्याच ग्रंथात नाही. तापावरची मुळी सासूने सुनेला दाखवली आणि तिने तिच्या मुलीला, एवढाच त्याचा लेखी पुरावा.

आपल्या कायद्याने याची दखल घेतली आहे, हे मात्र नमूद केले पाहिजे. पारंपरिक ज्ञानाला पेटंट नाही, असे तिसऱ्या कलमात आहेच. त्याखेरीज पंचविसाव्या कलमात, पेटंट देण्याआधी हरकत घेण्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत भारतातल्या किंवा बाहेरच्या एखाद्या स्थानिक समाजाला ती गोष्ट मौखिक वा अन्य रीतीने आधीच माहीत होती, हेही एक आहे. 'मौखिक' हा शब्द तिथे स्पष्ट लिहिलेला आहे. आणि ही हरकत कोणीही घेऊ शकतो, कंपनीच असली पाहिजे असे नाही. अर्ज साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतात. पेटंट कार्यालयाचे जर्नल दर शुक्रवारी निघते, इंग्रजीत. त्यात क्लेम नसतात, फक्त सारांश असतो. क्लेम पाहायचे तर संपूर्ण अर्ज उघडावा लागतो आणि शेवटच्या पानांपर्यंत जावे लागते. कोलाम पोडावरच्या म्हाताऱ्या बाईला ते कोण वाचून दाखवणार, याची तरतूद कायद्यात नाही.