संगणक-पदव्यांचे वर्गीकरण आणि निवडीचा निकष

अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप राऊंडच्या ऑप्शन फॉर्मवर संगणकाशी नाते सांगणाऱ्या शाखा वर्षागणिक वाढत आहेत : कॉम्प्युटर, आयटी, एआय-डीएस, एआय-एमएल, सायबर सिक्युरिटी. अभियांत्रिकीबाहेर बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स, बीएस्सी आयटी, बीसीए, बीबीए (सीए) आहेतच. निवड मात्र बहुधा गेल्या वर्षीच्या कट-ऑफवरून होते. कट-ऑफवरून मागणी कळते, वर्गात काय शिकवतात ते कळत नाही.

एसीएम आणि आयईईई कॉम्प्युटर सोसायटी या संस्थांनी 2005 मध्ये संगणनाच्या पदव्यांची पाच शाखांत विभागणी केली : कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, इन्फर्मेशन सिस्टिम्स, इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी आणि सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. प्रत्येक शाखेची जागा दोन अक्षांवर ठरते. एक अक्ष सिद्धान्ताकडून उपयोजनाकडे जातो, दुसरा हार्डवेअरकडून संस्थेच्या कारभाराकडे. 2020 च्या आवृत्तीत सायबर सुरक्षा आणि डेटा सायन्स यांचीही दखल घेतली गेली.

ही मोजपट्टी महाराष्ट्रातल्या अभ्यासक्रमांना लावली की नावे गळून पडतात. आपल्याकडच्या ‘कॉम्प्युटर इंजिनिअरिंग’मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, अल्गोरिदम, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन यांचे वजन जास्त. म्हणजे या वर्गीकरणात ते कॉम्प्युटर सायन्सच्या घरात बसते. आयटीचा गाभाही बऱ्याच अंशी तोच. फरक शेवटच्या दोन वर्षांतल्या मोजक्या विषयांचा. त्यामुळे ‘कॉम्प की आयटी’ हा घरोघरचा वाद अवास्तव फुगलेला आहे. चांगल्या महाविद्यालयातले आयटी सोडून सुमार महाविद्यालयातले कॉम्प घेण्यात शहाणपण नाही.

एआय-डीएसची गोष्ट निराळी. त्याच्या मुळाशी रेषीय बीजगणित, संभाव्यता, संख्याशास्त्र आणि कलन आहे. इथे एकच चौकशी पुरते : नव्या विषयांना जागा द्यायला जुने कोणते विषय काढले? कंपायलर काढून संख्याशास्त्राचा भक्कम पेपर आला असेल, तर शाखा खरोखर वेगळी आहे. गाभ्याचे विषय उडवून त्या जागी एखाद्या टूलची ओळख करून देणारे पेपर आले असतील, तर ते नुसते नामांतर. ताडून पाहायला साधनही आहे. 2024 पासून एमटेक प्रवेशाच्या गेट परीक्षेत डेटा सायन्स आणि एआयचा स्वतंत्र पेपर आहे. त्याचा अभ्यासक्रम महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवला की पोकळ जागा दिसतात.

तीन वर्षांच्या पदव्यांत खरी सीमारेषा गणिताची आहे. पुणे विद्यापीठाच्या 2019 च्या बीएस्सी (कॉम्प्युटर सायन्स) आराखड्यात पहिल्या वर्षी संगणकाबरोबर गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स होते. या पदवीला ‘इंजिनिअरिंग हुकले म्हणून’ असे हिणवले जाते, तेवढी ती हलकी नाही. बारावीला गणित असलेल्या बीएस्सी पदवीधराला थेट दुसऱ्या वर्षी अभियांत्रिकीला प्रवेश घेता येतो, आणि गेटही देता येते. बीसीए 2024-25 पासून तंत्रशिक्षणाची नियामक संस्था असलेल्या एआयसीटीईच्या कक्षेत आले, महाराष्ट्रात त्यासाठी सीईटीही सुरू झाली. त्यामुळे मान्यतेची शिस्त आली, पण गणित आपोआप वाढले नाही. एनआयटींच्या एमसीएसाठी असणाऱ्या निमसेटमध्ये 1000 पैकी 600 गुण गणिताचे असतात, तेव्हा ही उणीव भोवते. दोन वर्षांचे एमसीए धरले तर हा मार्ग पाच वर्षांचा, अभियांत्रिकीचा चार. पण ज्याला गणित नकोच आहे आणि लवकर कामाला लागायचे आहे, त्याच्यासाठी बीसीए हा सरळ आणि बहुधा कमी खर्चाचा रस्ता. त्याला भरमसाट फी भरून एआय-एमएलला बसवणे हा त्याच्यावर अन्याय.

राहिला शिक्षकांचा प्रश्न. 2024-25 पासून एआयसीटीईने चांगल्या संस्थांसाठी शाखानिहाय जागांची कमाल मर्यादा उठवली. तुकडी वाढवायला एक मंजुरी पुरते. संभाव्यता आणि मशीन लर्निंग नीट शिकवू शकणारा प्राध्यापक तितक्या सहज मिळत नाही. म्हणून फॉर्म भरण्याआधी त्या विभागात जावे, पूर्णवेळ शिक्षक किती आणि ते मुळात कुठल्या विषयाचे हे विचारावे, आणि तिसऱ्या वर्षाच्या जुन्या प्रश्नपत्रिका मागून घ्याव्यात.