दादर-माटुंग्याची वसाहत

दादर-माटुंग्याचे सरळ रस्ते व दुतर्फा झाडे पाहून हा परिसर आपोआप असा वाढला असावा, असे आपल्या तरुण ज्ञातिबांधवांस वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ उद्भवली व कोंदट चाळींत तिने थैमान घातले. त्यावर उपाय म्हणून १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जुन्या शहरात रुंद रस्ते फोडावयाचे आणि उत्तरेकडे नवी वस्ती वसवावयाची, असा त्याचा दुहेरी बेत होता.

ट्रस्टने जमीन संपादून प्रथम रस्ते आखले, मग भूखंड पाडून ते भाडेपट्ट्याने दिले. आधी घर व मागाहून रस्ता हा आपल्याकडील परिपाठ येथे उलटा झाला, हे विशेष! इमारतीची उंची तिच्यापुढील मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी, असा ट्रस्टचा दंडक होता. तळमजल्यासही उजेड मिळावा हा त्यातील हेतू. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणतात तो हाच. येथील घरेही चाळीहून भिन्न. न्हाणी व शौचकूप घरातच असलेला 'ब्लॉक' मध्यमवर्गीयांच्या अंगवळणी पडला तो अशाच वस्त्यांत.

मंचेरजी एदलजी जोशी या अभियंत्याने ट्रस्टकडे खटपट करून बेताच्या प्राप्तीच्या पारशी कुटुंबांसाठी १०३ भूखंड राखून घेतले. त्यांतून पारशी कॉलनी उभी राहिली. तेथील पाच उद्यानांस आज त्यांचेच नाव आहे. शेजारी हिंदू कॉलनी झाली, तर माटुंग्यास दाक्षिणात्य मंडळी स्थिरावली. पुढे १९३७ साली रुइया व १९४१ साली पोदार महाविद्यालय निघाले.

मात्र एक गोष्ट स्पष्टपणे नमूद केली पाहिजे. प्लेगने ज्यांस सर्वाधिक गांजले तो कष्टकरी वर्ग या घरांत फारसा आलाच नाही. येथील भाडे त्यास परवडणारे नव्हते. शिवाय ज्ञातवार वस्त्यांनी आपल्यासारख्यांस आधार दिला, तसे परक्यास दारही लावले. १९१७ साली बडोद्यास जातीमुळे ज्यांना बिऱ्हाड सोडावे लागले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत याच हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले, आणि तेही मुख्यतः आपल्या ग्रंथसंग्रहासाठी! या वसाहतीच्या इतिहासात याहून मोठी घटना आम्हांस आढळत नाही.

१९३३ साली ट्रस्ट महानगरपालिकेत विलीन झाला. आता हिंदू कॉलनीतील जुन्या बैठ्या इमारती पाडून त्याच भूखंडांवर उंच मनोरे उभे राहत आहेत. नव्या ब्लॉकांचे नकाशे पाहावयास जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनी तळमजल्याच्या खिडकीतून आकाश किती दिसेल, हेही अवश्य विचारावे.