एकच शॉट, दोन वेगळे मूड: 'टच ऑफ इव्हिल'ची सुरुवात ४० वर्षांनी का बदलली?

अंधारात दोन हात दिसतात. हातात बॉम्ब आहे. टायमर फिरवला जातो, माणूस धावत जाऊन उभ्या गाडीच्या डिकीत बॉम्ब ठेवतो आणि पसार होतो. तेवढ्यात एक श्रीमंत माणूस आणि त्याच्यासोबतची तरुणी येतात, गाडीत बसतात आणि निघतात. मागे काय ठेवलंय हे त्यांना माहीत नाही. आपल्याला माहीत आहे.

ऑर्सन वेल्स यांच्या 'टच ऑफ इव्हिल' (१९५८) या हॉलिवूडपटाची ही सुरुवात. बॉम्ब लावण्यापासून स्फोटापर्यंत साधारण सव्वातीन मिनिटं जातात आणि त्यात एकही कट नाही. सिनेमाच्या अभ्यासक्रमांत हा शॉट हमखास दाखवतात.

कट नसल्याने काय होतं?

एरवी एडिटिंगमध्ये वेळ ताणता येते. दहा सेकंदांचा टायमर पडद्यावर मिनिटभर चालतो आणि आपणही ते चालवून घेतो. इथे ती सोय नाही. बॉम्बचं घड्याळ आणि प्रेक्षकाच्या मनगटावरचं घड्याळ एकाच वेगाने चालतं.

क्रेनवरचा कॅमेरा छपरांच्या वर जातो, मग पुन्हा रस्त्यावर उतरतो. गाव मेक्सिको-अमेरिका सीमेवरचं आहे (शूटिंग मात्र कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसमध्ये झालं). रस्त्यावर नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं चालत येतं: चार्लटन हेस्टन आणि जॅनेट ली. बॉम्बची गाडी कधी त्यांच्या पुढे, कधी मागे. कधी शेळ्यांच्या कळपामुळे अडलेली, कधी फ्रेमच्या बाहेर. खरी भीती इथेच आहे. गाडी दिसत नाही, तेव्हा ती कुठे असेल?

मग वाद कशावरून झाला?

वेल्स यांना या शॉटवर ना नावं हवी होती, ना पार्श्वसंगीत. रस्त्यावरच्या क्लब आणि दुकानांतून येणारी वेगवेगळी गाणी एकमेकांत मिसळत जावीत, असं त्यांच्या डोक्यात होतं. पण युनिव्हर्सल स्टुडिओने सिनेमाचं एडिटिंग त्यांच्या हातून काढून घेतलं. स्टुडिओचं व्हर्जन पाहून वेल्स यांनी ५८ पानी मेमो लिहिला. त्यातल्या बऱ्याच सूचना मानल्या गेल्या नाहीत. थिएटरमध्ये आलेल्या सिनेमात या शॉटवर कलाकारांची नावं होती आणि हेन्री मॅन्सिनी यांचं बोंगो-ब्रासचं जोरकस संगीत.

१९९८ मध्ये निर्माते रिक श्मिडलिन आणि एडिटर वॉल्टर मर्च यांनी त्या मेमोच्या आधारे सिनेमा पुन्हा बांधला. 'अपोकॅलिप्स नाऊ'चं साउंड डिझाइन करणारे मर्च ते हेच. त्यांनी सुरुवातीवरची नावं काढली, थीम संगीतही काढलं.

कानांना काय कळतं?

मॅन्सिनींचं संगीत वाईट अजिबात नाही, उलट झकास आहे. अडचण अशी की ते पहिल्या सेकंदापासून सांगतं, 'थ्रिलर सुरू झालाय.' त्यात डोळे नावं वाचण्यात गुंततात. १९९८ च्या व्हर्जनमध्ये क्लबमागून क्लब मागे पडतात, तशी गाणी बदलतात. बॉम्बच्या गाडीतही रेडिओ चालू आहे. तो आवाज मोठा झाला की गाडी जवळ आली, बारीक झाला की लांब गेली. म्हणजे न दिसणारा बॉम्ब आता ऐकू येतो. दृश्य तेच आहे, पण आधी ते रुबाबदार वाटायचं, आता अस्वस्थ करतं.

सीमेवरच्या चौकीपाशी गाडीतली तरुणी तक्रार करते की तिच्या डोक्यात टिकटिक होतेय. तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. गाडी निघून जाते, जोडपं चुंबन घेतं, फ्रेमबाहेर स्फोट होतो. सिनेमातला पहिला कट तिथे येतो.

वेल्स यांचं निधन १९८५ मध्ये झालं, त्यामुळे हे व्हर्जन त्यांनी पाहिलं नाही. तुम्ही बघणार असाल तर इयरफोन लावा. आणि पहिल्याच शॉटवर कलाकारांची नावं झळकली, तर समजा की ते १९९८ चं व्हर्जन नाही.